ग्वारीघाटावर ब्लेझर

सरकारी कार्यालयाने आपल्या माणसांना एखाद्या क्रीडाप्रसंगी बोलावले, तर त्यांनी काय घालावे हे ठरवण्याचा अधिकार कार्यालयाला आहे काय, आणि असल्यास तो कुठवर, हा प्रश्न स्वतंत्र लेखाच्या योग्यतेचा आहे असे मला पूर्वी वाटत नसे. धोरणे, योजना, अंदाजपत्रके यांच्यापुढे कपड्यांचा विचार तो काय करायचा! परंतु काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी जबलपूरच्या ग्वारीघाटावर जे घडले, ते एका परिपत्रकामुळे घडले, आणि त्या परिपत्रकावर सही माझी होती. त्यामुळे या विषयावर लिहिण्याचा अधिकार नसला तरी जबाबदारी माझ्याकडे येते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या ज्या वाचकांनी जबलपूर पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे स्थलवर्णन. ग्वारीघाट हा शहराच्या दक्षिणेला नर्मदेवरचा जुना घाट. गोंदियाहून सातपुड्याच्या जंगलातून जबलपूरला येणारी छोटी रेल्वे याच नावाच्या स्थानकावरून शहरात शिरत असे. आता तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. विदर्भातून इकडे नोकरीला आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी नर्मदेचे पहिले दर्शन त्याच गाडीच्या खिडकीतून घेतले. नागपूर ही १९५६ पर्यंत या प्रांताची राजधानी होती, तेव्हा हे येणेजाणे परमुलखातले नव्हते. घाटावर पहाटेपासून स्नाने चालतात, जावळे होतात, अस्थिविसर्जन होते, संध्याकाळी आरती होते. पलीकडच्या काठावरच्या गुरुद्वाऱ्यात जाणारे नावेने पाणी ओलांडतात. पायऱ्या पाण्याजवळ शेवाळलेल्या असतात आणि तिथे पायातले काढून ठेवण्याची रीत आहे.

या घाटावर आमच्या कार्यालयाने विविध शाखांमध्ये नावांची शर्यत आणि नंतर सहभोजन ठरवले होते. वर्षभर फायलींआडून बोलणारी माणसे एक दिवस मोकळेपणी भेटावीत, हा हेतू. हेतू चांगला होता. मग परिपत्रक निघाले. त्यात चार कलमे होती. वर्ग एक व दोनच्या अधिकाऱ्यांनी गडद निळा ब्लेझर, फिकट रंगाची विजार आणि चामड्याचे बूट घालावेत. वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांनी पुरवण्यात येणारा पांढरा टी-शर्ट आणि स्वखर्चाने घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट घालावेत. महिला कर्मचाऱ्यांनी पिवळी साडी नेसावी. आणि सरकारी परिपत्रक ज्यावाचून पूर्ण होत नाही ते चौथे कलम: अनुचित पोशाखात उपस्थित राहिल्यास गांभीर्याने दखल घेण्यात येईल.

मसुदा माझ्यापुढे आला तेव्हा मी त्यातले एक शुद्धलेखन सुधारले आणि सही केली.

त्या रविवारी काय झाले ते क्रमाने सांगतो. चामड्याचे बूट घालून शेवाळावर उतरणे अशक्य झाल्याने आम्ही अधिकारी मंडळी वरच्या पायरीवरच थांबलो. ज्यांना नावेत बसणे भाग होते त्यांना नावाड्यांनी लाइफ जॅकेट चढवायला लावले, आणि ते ब्लेझरवर बसेना. एका सहकाऱ्याने अखेर ते खांद्यावर टाकूनच शर्यत पुरी केली. हे हसण्यावारी नेता येते. पण भिजलेला लोकरी कोट, आत पाणी शिरलेले बूट आणि न बांधलेले जॅकेट अशा अवस्थेत माणूस पाण्यात पडला असता तर चौकशी अहवालात कोणाचे नाव आले असते, हे मला त्या क्षणी कळले आणि हसू आले नाही.

दुसरी गोष्ट. आमच्या आस्थापना शाखेत सहायक ग्रेड तीन या पदावर एक मराठी बाई होत्या. शर्यतीला त्यांच्या शाखेचा एक गडी कमी पडला. त्या म्हणाल्या, मी बसते. संयोजक म्हणाले, साडीत कशा वल्हवणार, पडाल. बाई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "साहेब, साडी नेसून या असं तुम्हीच लिहिलं होतंत ना? नाहीतर मी सलवार-कमीज घालूनच येणार होते." मला उत्तर नव्हते. आम्ही स्त्रियांना साडी सांगितली, आणि मग त्या साडीचेच कारण देऊन त्यांना नावेबाहेर ठेवले. पाहुण्यांच्या स्वागताला ओवाळणीचे तबक धरून उभे राहणे, एवढाच त्यांचा त्या दिवशीचा क्रीडासहभाग झाला.

तिसरी गोष्ट मला सोमवारी कळली. आमच्याकडचा एक भृत्य (मध्य प्रदेशात शिपायाला कार्यालयीन भाषेत हाच शब्द आहे) नदीकाठच्याच वस्तीत वाढलेला. वल्हे धरण्याची ज्याला खरोखर सवय होती असा तोच एक माणूस. तो आलाच नाही. विचारले तेव्हा घरी पाहुणे होते म्हणाला. नंतर बडे बाबूंनी सांगितले की पाहुणे वगैरे कोणी नव्हते; पांढरे बूट नव्हते. महिन्याची अखेर जवळ होती आणि एका दिवसासाठी बूट घेणे त्याला पटले नाही. गांभीर्याने दखल घेतली जाईल असे लिहिले होते, म्हणून बुटांशिवाय येण्यापेक्षा त्याने न येणे पत्करले. ज्याचे घर त्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, त्याला आम्ही त्याच्याच नदीवर यायला बंदी केली, आणि तसे करण्याचा आमचा हेतूही नव्हता. प्रशासनातील बहुतेक अन्याय हेतूशिवायच होतात.

आता यावर जो आक्षेप नेहमी घेतला जातो तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. लोकसेवक रविवारीही लोकसेवकच असतो. तो सामन्याला गेला तरी शासनाचा प्रतिनिधी म्हणून लोक त्याच्याकडे पाहतात. गबाळ्या वेशात दिसणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल आदर राहत नाही. सबब काही दंडक हवाच. या युक्तिवादातला पहिला भाग मला मान्य आहे. मीही ढिसाळपणाचा कैवारी नाही. ज्या घाटावर कुणी वडिलांच्या अस्थी घेऊन आले आहे, तिथे आखूड चड्ड्या घालून आरडाओरडा करत फिरणारे सरकारी पथक मला सहन होणार नाही. औचित्य म्हणून काही असते, आणि ते पाळलेच पाहिजे. पण औचित्य स्थळावरून, हवामानावरून, करावयाच्या कामावरून आणि भोवतालच्या माणसांवरून ठरते. आमच्या परिपत्रकात यांपैकी एकाचाही विचार नव्हता. त्यात विचार होता तो वर्ग एक, दोन, तीन आणि चार यांचा. घाट, नदी, जानेवारी, शेवाळ यांचा उल्लेखही नव्हता. तेच परिपत्रक तारीख बदलून क्रिकेटच्या सामन्याला किंवा बुद्धिबळ स्पर्धेलाही चालले असते.

नियम काय म्हणतात तेही पाहू. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम १९६८ चे आहेत, केंद्रीय नागरी सेवांचे १९६४ चे. दोन्हींत सचोटी, कर्तव्यनिष्ठा आणि सेवेला न शोभणारे काही न करणे, एवढीच सर्वसाधारण अपेक्षा सुरुवातीला सांगितली आहे. आता 'न शोभणारे' या शब्दात काय बसवायचे हे वरिष्ठाच्या हाती असते. मे २०१५ मध्ये पंतप्रधान बस्तरच्या दौऱ्यावर आले तेव्हा तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी रंगीत शर्ट आणि काळा चष्मा घालून त्यांचे स्वागत केले. छत्तीसगड शासनाने त्यांना समज दिली, ती याच नियमाच्या आधारे. मेमधले बस्तरचे ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांनी त्या चष्म्याचा विचार करावा. जुलै २०२० मध्ये ग्वाल्हेर विभागात अधिकाऱ्यांच्या जीन्स व टी-शर्टवर बंदी घालणारा आदेश निघाला. निमित्त होते मुख्यमंत्र्यांच्या दूरदृश्य बैठकीत एक अधिकारी टी-शर्टमध्ये दिसल्याचे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानेही मंत्रालय आणि शासकीय कार्यालयांसाठी जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर नकोत, शुक्रवारी खादी वापरावी, असे परिपत्रक काढले.

यातल्या पहिल्या दोन आदेशांचे मूळ पाहा. एखाद्या शेतकऱ्याने, पेन्शनर बाईने किंवा जातीच्या दाखल्यासाठी खेपा घालणाऱ्या विद्यार्थ्याने तक्रार केली की साहेबांचा शर्ट रंगीत आहे, म्हणून आदेश निघाला, असे झाले नाही. आदेश निघाला तो वरच्याला खालच्याचा पोशाख खटकला म्हणून. नागरिकाला साहेबांच्या शर्टाशी कर्तव्य नसते. साहेब जागेवर आहेत की नाहीत याच्याशी असते. महाराष्ट्राच्या परिपत्रकात निदान अभ्यागतांवर पडणाऱ्या छापाचा विचार होता आणि ते कार्यालयापुरते होते. कार्यालयात, कामाच्या वेळेत, नागरिकांसमोर बसणाऱ्याने नीटनेटके असावे, याला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो हाच दंडक मैदानावर, नदीवर आणि सहभोजनात नेण्याला, आणि नेताना त्याला पदांच्या पायऱ्या पाडण्याला.

ही सवय आपल्याला लागली कुठून? मैदान, पोशाख आणि पद यांची सांगड आपल्याकडे जिमखान्यांनी घातली. बॉम्बे जिमखाना १८७५ साली निघाला आणि तो युरोपियनांपुरता होता. नंतर हिंदू, पारशी, मुसलमान यांचे आपापले जिमखाने झाले. साहेबाच्या मैदानावर प्रवेश नाही म्हणून आपण आपले मैदान केले, पण कुंपण तेवढे साहेबाचेच ठेवले. पळवणकर बाळू यांची हकीकत मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची कामे करणारा हा गोलंदाज पुढे पुण्याच्या हिंदूंकडून खेळला. अंगावर इतरांसारखेच पांढरे कपडे, हातात तोच चेंडू. पण चहाच्या वेळी त्याला तो पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. म्हणजे पांढरा गणवेश सर्वांना एक केल्याचा देखावा करतो, आणि खरी विभागणी चहाच्या टेबलावर होते. आमच्या सहभोजनातही ब्लेझरवाल्यांची टेबले सावलीत होती आणि टी-शर्टवाल्यांची पंगत उन्हात. तसे कुणी ठरवले नव्हते. कपड्यांवरून कोण कुठे बसायचे हे सेवकांना दुरूनच कळत होते, इतकेच.

ही जुनी गोष्ट झाली असे कुणी म्हणेल. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत चेपॉकच्या क्रिकेट संघटनेच्या क्लबात एका माजी न्यायमूर्तींच्या पुस्तकाचा प्रकाशन समारंभ होता. म्हणजे सहव्यावसायिकांचा मेळावा, आणि तो क्रीडासंस्थेच्या वास्तूत. आपला विषय अगदी हाच. मद्रास उच्च न्यायालयाचे एक विद्यमान न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ वकील वेष्टी नेसून आले. त्यांना दारातूनच परत पाठवले. तमिळ माणसाला तमिळनाडूत, तमिळ पोशाखात प्रवेश नाही! त्यावर विधानसभेत गदारोळ झाला आणि त्याच वर्षी कायदा झाला: क्लब, सभागृह, रंगशाळा अशा ठिकाणी वेष्टी किंवा भारतीय परंपरेतला पोशाख घातला म्हणून कुणाला अडवता येणार नाही, अडवल्यास परवाना जाऊ शकतो आणि शिक्षाही होऊ शकते. भारतीय नौदलाने आपल्या मेसमध्ये कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर शहात्तर वर्षे लागली. जबलपूर हे छावणीचे शहर आहे. इथल्या मेस आणि क्लबांच्या रीतीभाती मुलकी कार्यालयांनीही नकळत उचलल्या आहेत. पण सैन्याकडे गणवेशाचे जे कारण आहे ते आमच्याकडे नाही, हे आम्ही विसरतो.

विम्बल्डनच्या रॉयल बॉक्समध्ये २०१५ साली मोटार शर्यतींचा जगज्जेता लुईस हॅमिल्टन निमंत्रण असूनही बसू शकला नाही, कारण कोट आणि टाय नव्हता. पुष्कळांनी या उदाहरणाचा दाखला देऊन मला सुनावले आहे की तिथे जगज्जेत्यालाही सूट नाही, आपण मात्र शिस्तीला घाबरतो. मी म्हणतो, तो एक खाजगी क्लब आहे. त्याने आपल्या दारात काय पाटी लावावी हा त्याचा प्रश्न. न येण्याने हॅमिल्टनच्या गोपनीय अहवालात शेरा पडत नाही. सरकारी कार्यालयाच्या आमंत्रणाला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य शिपायाला नसते. ज्या आमंत्रणाला नकार देता येत नाही, ते आमंत्रण नसून आदेश असतो, आणि आदेशाचा खर्च आदेश देणाऱ्याने सोसायचा असतो.

खर्चाचा मुद्दा आला आहे तर जबलपूरचीच एक गोष्ट सांगतो. ग्वाल्हेरचे कॅप्टन रूपसिंह स्टेडियम मराठी वाचकाला माहीत आहे ते २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने तिथे केलेल्या द्विशतकामुळे. पण रूपसिंह स्वतः हॉकीपटू होते, ध्यानचंद यांचे धाकटे बंधू, आणि त्यांचा जन्म जबलपूरचा, १९०८ सालचा. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली, तेव्हा अंगावर घालण्याजोगे कपडे नाहीत म्हणून ते जायला तयार नव्हते आणि अखेर ध्यानचंद यांनी त्यांना कपडे करून दिले, असे सांगतात. त्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर चोवीस विरुद्ध एक असा विजय मिळवला. त्यातले दहा गोल रूपसिंहांचे. मोठ्या भावाने वेळेवर कापड घेतले नसते तर ते दहा गोल कुठे गेले असते? त्या शहरात नव्वद वर्षांनंतरही एक माणूस पांढऱ्या बुटांपायी नदीवर येत नाही, आणि त्याच्या कार्यालयात त्याला कुणी मोठा भाऊ भेटत नाही.

शासनाला हे तत्त्व माहीत नाही असे नाही. जिथे पोशाख नोकरीचा भाग आहे तिथे शासन त्याचे पैसे देते. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ पासून केंद्राने पोशाख भत्ता एकत्रित केला. रेल्वेचे ट्रॅकमन, सरकारी मोटारचालक अशा कर्मचाऱ्यांना त्या वेळी तो वर्षाला ५,००० रुपये ठरला, तर सैन्यदलाच्या अधिकाऱ्यांना २०,००० रुपये. गणवेश सांगितला तर भत्ता, हा नियम. मग क्रीडादिनाचा गणवेश सांगणारे परिपत्रक काढताना हा नियम आम्हाला का आठवू नये? उत्तर सरळ आहे. भत्त्यासाठी वित्त शाखेची संमती लागते. परिपत्रकासाठी फक्त सही लागते.

वकिलांचे उदाहरणही घेण्यासारखे आहे. काळा कोट ही त्यांची ओळख. तरीही बार कौन्सिलच्या नियमांत सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता उन्हाळ्यात तो सक्तीचा नाही अशी तरतूद आहे. ज्या व्यवसायात पोशाखाला इतके महत्त्व, त्याने उन्हाळा ध्यानात घेतला. आम्ही नदीही ध्यानात घेतली नाही.

आता सर्वांत गंभीर मुद्दा, जो त्या दिवशी एकाच्याही लक्षात आला नाही. 'पुरवण्यात येणारा टी-शर्ट' पुरवला कोणी? आमच्या कार्यालयाला साहित्य देणाऱ्या एका पुरवठादाराने, विनामूल्य. छातीवर त्याच्या पेढीचे नाव होते. ज्याची देयके आमच्या लेखा शाखेत पडताळली जातात, त्याचे नाव अंगावर मिरवत लेखा शाखेचे कर्मचारी भर घाटावर, शेकडो भाविकांसमोर, दिवसभर वावरले. वर उल्लेखिलेल्या दोन्ही नियमावल्यांत भेटवस्तूंच्या नियमाखाली स्पष्ट सांगितले आहे की कार्यालयीन संबंध असलेल्या व्यक्ती किंवा व्यापारी पेढ्यांकडून भारी किंवा वारंवार पाहुणचार घेणे टाळावे. राज्यांचे नियम याच धर्तीवर आहेत. अनुचित पोशाख म्हणावा तर तो हाच. बस्तरच्या चष्म्याची दखल घेणारी व्यवस्था छातीवरच्या या नावाची दखल घेत नाही, कारण ते नाव स्वच्छ पांढऱ्या, इस्त्री केलेल्या टी-शर्टावर छापलेले असते. नेटकेपणा म्हणजेच शुचिता, असा आमचा समज झाला आहे. तो घातक आहे. मळका सदरा धुता येतो; पुरवठादाराचे नाव लावून घेतलेल्या कार्यालयाबद्दल लोकांचे मत एकदा झाले की ते धुऊन निघत नाही.

हे सारे सरकारापुरते नाही. बंगळुरू, गुरुग्राम, दुबई किंवा न्यू जर्सी येथे नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांना कंपनीच्या खर्चाने क्रिकेट, फुटबॉल किंवा गोल्फचे आमंत्रण येते, आणि सोबत 'स्मार्ट कॅज्युअल' नावाचे एक गूढ. आपल्या माणसांची यात दोन टोके दिसतात. एक टोक म्हणजे धसका: साहेबापेक्षा कमी दिसू नये म्हणून कर्जाऊ भपका. दुसरे टोक म्हणजे साधेपणाचा अहंकार: आम्ही असेच येणार, चुरगळलेल्या सदऱ्यातच, घ्यायचे तर घ्या. दोन्हींत स्वतःकडेच लक्ष असते. यजमान, जागा आणि सोबती यांच्याकडे नसते. माझे सांगणे इतकेच की अर्थ कळला नाही तर सरळ विचारावे. ऊन आहे की थंडी, बसायचे आहे की खेळायचे, चालावे किती लागेल, हे विचारण्यात कमीपणा नाही. स्वच्छ, अंगाला बसणारे, त्या जागेला साजेसे आणि आपल्या घरात असलेले कपडे पुरतात. आणि तिकिटाचे पैसे कोणी भरले, हे कपड्यांच्या आधी विचारावे. ज्याच्या निविदेवर उद्या आपल्याला मत द्यायचे आहे त्याच्या राखीव कक्षात आज बसायचे असेल, तर अंगावर काहीही घातले तरी ते शोभणार नाही.

त्या घटनेनंतर आमच्या कार्यालयात नवे परिपत्रक निघण्यास दोन वर्षे लागली. मला विरोध झाला तो वरून कमी, आणि समकक्ष अधिकाऱ्यांकडून जास्त. ब्लेझर शिवून झाले होते, हे एक कारण. दुसरे कारण एका सहकाऱ्याने स्पष्ट बोलून दाखवले: सगळेच सारखे दिसू लागले तर पाहुण्यांना अधिकारी कोण हे कसे कळणार? मी म्हणालो, पाहुण्यांना ते कळण्याची त्या दिवशी गरज काय? यावर ते गप्प बसले, पण पटले असे वाटत नाही.

असो. तक्रार करून थांबणे हे प्रशासकाला शोभत नाही, म्हणून तो मसुदा इथे देतो. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी नाव-तारीख बदलून वापरावा, आणि कुठे उणे वाटले तर सुधारावा.

"१) उपस्थिती ऐच्छिक आहे. न आल्यास कारण देण्याची आवश्यकता नाही.

२) कार्यक्रम नदीकाठी आहे. पायऱ्या निसरड्या आहेत. पकड असलेली, सहज काढता-घालता येणारी पादत्राणे घालावीत. नावेत बसणाऱ्यांनी हलके, न घोळणारे कपडे घालावेत. लाइफ जॅकेट नीट बांधल्याशिवाय कोणासही नावेत बसता येणार नाही.

३) घाटावर धार्मिक विधी व अंत्यविधीनंतरची कर्मे चालू असतात. सर्वांनी अंगभर व साधा पोशाख ठेवावा व आवाज मर्यादित ठेवावा.

४) पोशाखाबाबत पद, वर्ग किंवा स्त्री-पुरुष असा कोणताही भेद केलेला नाही. कोणीही या कार्यक्रमासाठी नवीन कपडे किंवा पादत्राणे विकत घेऊ नयेत. एकसारखी टोपी किंवा पट्टी आवश्यक वाटल्यास कार्यालय ती आपल्या खर्चाने देईल.

५) कार्यालयाशी व्यवहार असलेल्या कोणत्याही व्यक्ती अगर पेढीकडून कपडे, भोजन किंवा बक्षिसे स्वीकारली जाणार नाहीत.

६) भोजनाची बैठक एकच राहील."

सहाव्या कलमावर सर्वांत जास्त चर्चा झाली. ते ठेवले गेले. पुढच्या शर्यतीत त्या आस्थापना शाखेच्या बाई सलवार-कमीज घालून नावेत बसल्या. त्यांची नाव तिसरी आली. आमचा तो भृत्य अनवाणी आला होता आणि सुकाणूवर होता.